मदत हवी आहे: .४५-७० रायफलसाठी कमी धक्क्याची काडतुसं
नमस्कार मंडळी, मी टेक्सासला असतो. कारखान्याच्या काडतुसांनी दहाव्या बारापर्यंत खांदा काळानिळा होतो. आता तर चाप ओढायच्या आधीच डोळे मिटतात. ही खोड मोडायची म्हणून सरावाची काडतुसं घरी भरायचीत. १८७० च्या दशकात अमेरिकी लष्करानंही घोडदळाच्या आखूड बंदुकीसाठी यातली दारू ७० वरून ५५ ग्रेनवर (ग्रेन हे वजनाचं छोटं माप) आणली होती. पण ती काळी दारू, काडतुसाचं पितळी कवच भरून जायचं. धूररहित दारू जेमतेम तळ झाकते. परवा टॉर्च लावून कवचात डोकावलो, चुकून दुप्पट पडली असती तरी ओसंडली नसती, म्हणजे चूक लक्षातही आली नसती! छापील तक्त्यातल्या किमान मापाखाली मी जाणार नाहीच. कवच निम्म्याहून जास्त भरेल अशी फुगीर दारू कुणी वापरतं का? आणि शिशाची गोळी किती ग्रेनची घेता?