कोकणात राहून पोलीस भरतीची तयारी : तुमचे अनुभव लिहा

आमच्या दापोलीकडच्या गावातली तीन मुलं पोलीस भरतीची तयारी करतायत. पुण्यात खोली घेऊन अकॅडमी लावणं तिघांच्याही घरच्यांना झेपणारं नाही. त्यासाठी गाव सोडावंच लागतं असं मला वाटत नाही. मात्र इथला पाऊस, इथली जमीन, बागांचे हंगाम यांत तयारी कशी बसवायची हे कुणी नीट लिहून ठेवलेलं नाही. जे या वाटेने गेलेत त्यांनी मोकळेपणाने लिहा. शिपाई पदासाठी बारावी पास लागतं, मैदानी 50 गुणांची, लेखी 100 गुणांची, एवढी माहिती सगळ्यांना आहे. त्यापुढचं हवंय.

गुहागर तालुका, महिला शिपाई

मुलींना 800 मीटर, 100 मीटर आणि 4 किलोचा गोळा. 800 मीटर 2 मिनिटं 50 सेकंदांत आलं की पूर्ण 20 गुण, हा आकडा मी स्वयंपाकघराच्या दारावर खडूने लिहिला होता. धावायला समुद्रकिनारा होताच. वाळूने पोटऱ्या भक्कम होतात, दम वाढतो, पण वाळूवर आपला खरा वेग कळत नाही. म्हणून ओहोटीला ओल्या घट्ट वाळूवर धावायचं आणि आठवड्यातून दोनदा तरी शाळेच्या मैदानात फक्की मारून, घड्याळ लावून. ओहोटी रोज साधारण पाऊण तास पुढे सरकते, तेव्हा ‘पहाटे पाचला’ असा ठरीव नेम किनाऱ्यावर चालत नाही. मी महिन्याच्या वेळा कॅलेंडरवर लिहून ठेवायचे.

गोळा शाळेच्या पीटीच्या सरांनी दिला. 6 मीटरला पूर्ण 15 गुण मिळतात. नुसत्या दंडाच्या जोरावर गोळा तिथे जात नाही, कमरेतून ताकद यावी लागते. हे दाखवणारं माणूस मात्र शोधाच, व्हिडिओ बघून ते अंगात येत नाही.

आणि मुलींनो, वाडीत बोलणारे बोलतात. माझी आत्या रोज बॅटरी घेऊन माझ्याबरोबर यायची आणि पुळणीवर बसून राहायची. महिन्याभरात बोलणं थांबलं. पुढच्या वर्षी वाडीतल्या आणखी दोघी धावायला लागल्या, याचा मला नोकरीइतकाच आनंद आहे.

कुडाळ

मी मालवणीतच लिवतंय. 2024ची मैदानी 19 जूनपासून सुरू झाली. आमच्याकडे तेव्हा पाऊस कसो असता ता सांगूक नको. मैदान भिजला तर पुढची तारीख गावता, पण तोपर्यंत अंगातली तयारी टिकवूक व्हयी. कातळार धावा नको, गुडघे जातत. पावसात डांबरी रस्त्याच्या कडेन धावा, नायतर घराच्या पडवेत दोरीउड्यो मारा, पण खाडो नको.

आंब्याच्या दिवसांत बागेत काम असता, धावणा कमी होता. मी तेव्हा रात्री अंकगणित आणि बुद्धिमत्ता घेऊन बसय. मैदानी 50ची आणि लेखी 100ची, ह्या अजून पोरांका समजणा नाय. 1600 मीटर 5 मिनिटां 10 सेकंदांत मारणारे पोरगे लेखीत मराठी व्याकरणाक गळले, मी डोळ्यांनी बघलंय. वाईट वाटता.

लांजा, एका उमेदवाराची आई

मी कागदपत्रांबद्दल लिहिते, कारण आमच्या घरात ते काम माझ्याकडे होतं. जातीचा दाखला, नॉन क्रीमी लेयर, रहिवास, शाळा सोडल्याचा दाखला. आपल्याकडे शाळेत एक आडनाव आणि सातबारावर दुसरंच, असं सर्रास असतं. आधारवर तिसरं स्पेलिंग. जाहिरात आल्यावर तहसीलला धावाल तर तिथे सगळा तालुका रांगेत असतो. मुलगा धावायला लागेल त्याच महिन्यात तुम्ही दाखल्यांना लागा. दाखल्याची मुदत आणि जाहिरातीतली शेवटची तारीख जुळवून बघा.

मूळ महाडचा, सध्या मुंबई पोलीस

एका पदासाठी एकाच घटकात, म्हणजे एकाच जिल्हा पोलीस दलात किंवा आयुक्तालयात, अर्ज करता येतो, तेव्हा घटक विचार करून निवडा. मुंबईत जागा जास्त म्हणून सगळे तिकडे अर्ज करतात, पण उमेदवारही तितकेच असतात. शिपाई ज्या जिल्ह्यात लागतो तिथेच बहुतेक नोकरी काढतो, जिल्हा बदलून घेणं फार अवघड आहे. म्हातारे आईवडील गावी एकटे असतील तर हा विचार अर्ज भरतानाच घरात बसून करा.

रायगड, सागरी पोलीस ठाणे, हवालदार

नोकरी लागल्यावर काय, तेही सांगतो. 1993च्या स्फोटांसाठीचं आरडीएक्स आमच्या शेखाडीच्या किनाऱ्यावर उतरलं. 2008ला दहशतवादी समुद्रातूनच मुंबईत आले. त्यानंतर सागरी सुरक्षेवर किती भर आला, हे किनाऱ्यावरच्या माणसाला सांगायला नको. आम्ही होड्यांची कागदपत्रं तपासतो, खलाशांची ओळखपत्रं बघतो, लँडिंग पॉइंटवर रात्री उभे असतो. यात कोळीवाड्यातल्या मुलाचं ज्ञान फार मोलाचं. कुठली होडी ओळखीची, कुठली परकी, हे त्याला लांबून कळतं. सागर सुरक्षा दलात, म्हणजे किनाऱ्यावरच्या गावकऱ्यांच्या स्वयंसेवक दलात, आधी काम करा, पोलिसांचं काम जवळून दिसेल.

एक गोष्ट घरी आत्ताच सांगून ठेवा : गणपतीला रजा मिळणार नाही. सगळी मुंबई गावाकडे येते तेव्हा आपण महामार्गावर बंदोबस्ताला. शिमग्यालाही तेच. माझ्या आईला हे स्वीकारायला बरीच वर्षं लागली. आता ती मोदक डब्यात भरून नाक्यावर पाठवते, आणि चौकीतल्या सगळ्यांना पुरतील इतके पाठवते.

खेड, होमगार्ड

वयाची घाई नसेल तर होमगार्डचा मार्गही बघा. ठरावीक सेवा झाली की भरतीत 5 टक्के समांतर आरक्षण मिळतं. बंदोबस्ताचा सराव होतो, परेड अंगवळणी पडते. ड्यूटी रोज नसते, त्यामुळे शेती सांभाळून करता येतं. माझी लेखीची तयारी सध्या अशीच चालू आहे. खेडच्या आसपास कुणी अभ्यासाला बसणार असेल तर सांगा, संध्याकाळी गणित एकत्र सोडवू.