टोपीकर, पांढरी टोपी, टोपी फिरवणे

विचारणा : ‘आज्ञापत्र’ या मराठेशाहीतल्या राजनीतीवरच्या ग्रंथात ‘टोपीकर’ असा शब्द आहे. आपल्या कोल्हापूरकडं पांढरी टोपी म्हणजे गावातली जुनी, मानाची माणसं. मग हे टोपीकर कोण?

प्रतिसाद : युरोपीय. रामचंद्रपंत अमात्यांचं आज्ञापत्र १७१५ च्या सुमाराचं. त्यात फिरंगी (पोर्तुगीज), इंग्रज, वलंदेज (डच), फरासीस (फ्रेंच) हे सगळे टोपीकर. ‘कर’ इथं गावाचा नव्हे, टोपी घालणारा एवढाच अर्थ. कानटोपी आपल्याकडंही होती, पण चारचौघांत जायचं तर पागोटं, पटका, मुंडासं गुंडाळूनच. त्यामुळं टोपी ही परक्याची खूण ठरली.

मग १९२०-२१ च्या असहकारात खादीची पांढरी टोपी आली आणि खूण उलटी झाली. ज्या शब्दानं इंग्रज ओळखायचा, त्याच शब्दानं इंग्रजांविरुद्ध उभा राहिलेला माणूस ओळखू येऊ लागला. शब्द तोच, बाजू बदलली. माझ्या मते या नोंदीतली सगळ्यात मोलाची गोष्ट हीच.

प्रतिसाद : ती टोपी इतकी पसरली, त्याला शिवणकामाचंही कारण आहे. फेट्याला साडेतीन ते सहा मीटर कापड लागतं, शिवाय बांधणारा हात हवा. टोपीला बाजूची दुहेरी पट्टी आणि माथ्याला आत घडी जाणारा तुकडा, बस्स. घडी घालून खिशात मावते. फक्त हातसुताची खादी पहिल्या धुण्यात आटते, म्हणून कापड आधी भिजवून, वाळवून मगच बेतायचं. तसं न केल्यास २२ इंचांची टोपी डोक्यात शिरत नाही, पुढची शिवण ओढली जाऊन टोक वाकडं होतं. खळ कमी पडली तर टोक उभंच राहत नाही.

प्रतिसाद : टोपीची खूण तुर्कस्तानातही अशीच उलटली. १८२६ मध्ये जॅनिसरी ही सुलतानाची जुनी फौज मोडली, १८२९ मध्ये सुलतान दुसरा महमूद यानं अधिकाऱ्यांना पगडीऐवजी फेझ, म्हणजे गोंड्याची लाल टोपी, दिली. तेव्हा ती सुधारणेची खूण होती. १९२५ च्या कायद्यानं तीच फेझ जुनाट म्हणून बंद, हॅट सक्तीची.

विचारणा : आणि ‘टोपी फिरवणे’?

प्रतिसाद : पक्ष बदलणे. ‘पगडी फिरवणे’ही त्याच अर्थानं चालतं. ‘टोपी घालणे’ म्हणजे मात्र फसवणे, आणि ते दुसऱ्याला घालायचं असतं : ‘त्यानं मला टोपी घातली.’ ‘त्यानं टोपी घातली’ एवढंच लिहिलंत तर वाचणारा खादीचीच समजेल.