बाथरूम फोडून काँट्रॅक्टर गायब, मदत हवी आहे

चिडका_बिब्बा:
बाथरूम फोडून ठेवलंय आणि काँट्रॅक्टर फोन उचलत नाही. उचललाच तर "साहेब, उद्या नक्की माणूस पाठवतो". तो उद्या काही उजाडत नाही. पैसे बरेच गेलेत. दुसरा मिस्त्री बघून गेला, म्हणे "दुसऱ्याच्या कामात मी हात घालत नाही, सगळं उखडायचं असेल तर बोला". याचीच वाट बघू की नवा माणूस लावू? पैसे परत मिळतील का? जरा लवकर सांगा, घरात म्हातारी माणसं आहेत.

अनुजा_प:
शहर कुठलं? किती दिले, किती बाकी? काम कुठवर आलंय? लेखी काही आहे का? "बरेच" म्हणजे कोणी काय समजायचं?

तळेगावकर:
काँट्रॅक्टर लावायचाच कशाला? मी सिमेंट-वाळू-टाइल्स स्वतः आणल्या, गवंडी आणि बिगारी रोजावर लावले. निम्म्यात काम झालं.

साइटवाला:
रोजावरचा गवंडी आठवड्याचं काम महिनाभर पुरवतो. उक्तं द्यावं, म्हणजे सगळ्या कामाचा एकच ठरलेला दर, आणि टप्प्याटप्प्याने पैसे सोडावेत.

तळेगावकर:
उक्त्यात उरकतात हो. माझा गवंडी तसा नव्हता.

अनुजा_प:
तुमचा गवंडी राहू दे. धागाकर्त्यांनी अजून उत्तर दिलेलं नाही.

चिडका_बिब्बा:
पुणे, अजून कुठलं! मजुरी-मालासकट १,६०,००० ठरले होते, १,१०,००० गेले, सगळे यूपीआयने. लेखी म्हणजे व्हॉट्सॲपवर कोटेशनचा फोटो. प्लंबिंग झालंय, तीन भिंतींना टाइल्स लागल्यात, जमीन उघडी आहे.

खडीसाखर:
बाथरूम ईशान्येला आहे का? तसं असेल तर कामं अडकतातच.

तळेगावकर:
ॲडव्हान्स कुठल्या दिशेला गेला ते आधी बघू.

साइटवाला:
जमिनीला वॉटरप्रूफिंग झालं का? पाणी भरून ठेवलं होतं?

चिडका_बिब्बा:
करडं काहीतरी फासलंय. पाणी कशाला भरायचं?

निवांत:
किचन करणार असाल तर प्लायवर आयएस ७१० चा, म्हणजे पाण्यात टिकणाऱ्या मरीन प्लायचा, शिक्का बघून घ्या. "वॉटरप्रूफ आहे" असं तोंडी सांगतात, सिंकखालचं पार फुगतं. आमच्या ट्रॉल्या...

चिडका_बिब्बा:
किचनला कोणी हात लावलेला नाही!!

साइटवाला:
दुसरा मिस्त्री का बिचकतो ते समजून घ्या. उद्या खाली गळालं की नाव त्याचं येणार, आणि आतले पाइप न् लेप कसे केलेत हे त्याने पाहिलेलं नाही. म्हणून आधी नानी ट्रॅपचं (जमिनीतून पाणी जायच्या जाळीचं) तोंड नीट बंद करा, जमिनीवर पाणी भरा, पातळीला भिंतीवर पेन्सिलने खूण करा आणि ४८ तास तसंच ठेवा. खालच्यांच्या छताचे फोटो आधी आणि नंतर काढा. पाइपांची प्रेशर टेस्ट वेगळी. प्लंबर पंप लावून करून देईल. दोन्ही ठीक निघालं तर नव्याला फक्त टाइल्सचं काम द्या. गळालं तर जमीन आणि भिंतीची खालची ओळ काढावी लागेल, कारण लेप भिंतीवर फूटभर तरी चढवायचा असतो. सगळं उखडायची गरज नाही.

काळा_कोट:
काहीही तोडण्याआधी आहे त्या स्थितीचे फोटो आणि व्हिडिओ काढा. मग व्हॉट्सॲपवर तारीख घालून मुदत द्या: अमुक दिवसापर्यंत आला नाहीस तर दुसऱ्याकडून करून घेईन आणि खर्च तुझ्याकडून मागेन. तेच स्पीड पोस्टानेही पाठवा. पुढे जिल्हा ग्राहक आयोग आहे, २०१९ च्या कायद्याखाली, सेवेतली त्रुटी म्हणून. तक्रार दोन वर्षांच्या आत करायची. दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. त्याआधी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर फोन करून बघा.

खडीसाखर:
महारेरात का नाही जात?

काळा_कोट:
ते बिल्डरसाठी. घरदुरुस्तीच्या काँट्रॅक्टरला लागू नाही. पोलीसही बहुतेक "दिवाणी मामला आहे" म्हणून परत पाठवतील, पहिल्यापासून फसवायचाच इरादा होता हे दाखवता आलं तर गोष्ट वेगळी.

तळेगावकर:
आयोगात तारखा घेत बसणार का म्हातारी माणसं? सोडून द्या पैसे.

काळा_कोट:
पैसे तुमचे नाहीत म्हणून सोडून द्या. नोटीस गेली की पुष्कळ जण निदान तडजोडीला तरी येतात.

चिडका_बिब्बा:
मेसेज टाकला, निळ्या टिका आल्या, उत्तर नाही. काल पाणी भरलंय. पण नवीनच भानगड: भिंतीच्या उरलेल्या टाइल्सचे बॉक्स तो दुसऱ्या साइटवर घेऊन गेला, आणि दुकानदार म्हणतो त्या बॅचचा माल संपला, नव्या बॅचमध्ये शेड फरक पडेल. चौथ्या भिंतीला काय लावू?

निवांत:
तिथे हायलायटर, म्हणजे नक्षीच्या वेगळ्या टाइल्स लावा, मुद्दाम वेगळी केल्यासारखी दिसते. आमच्याकडे निळी आहे, फोटो टाकू का?

साइटवाला:
बॉक्स नेल्याचं त्या नोटिशीत घाला. टाइल्सचं बिल तुमच्या नावावर आहे ना?

अनुजा_प:
आणि पाणी खुणेवर आहे की उतरलं?