कॅरॅव्हॅन घेऊन खानदेशात : रात्री गाडी लावायची कुठं?

पुणेकर_भाचा : डिसेंबरात भाड्याची कॅरॅव्हॅन (आत झोपायची सोय असलेली गाडी) घेऊन निघतोय. बायको, दोन पोरं आणि आई. आईचं माहेर रावेरकडचं, तिला केळीचे मळे पुन्हा बघायचेत. हॉटेल नको म्हणते, "मळ्यात झोपू." गाडी पावणेतीन मीटर उंच आहे. मळ्यापर्यंत जाईल का?

तापीकाठ : राम राम भाऊ. डांबरी सोडली की आधी पायी चालून बघा. लोंबत्या तारा आणि केळीचे ट्रक, दोन्ही बघावे लागतात. काळ्या मातीत तर मुळीच उतरू नका. ठिबकनं भिजलेल्या कडेला आमचा ट्रॅक्टर रुतला होता, तुमची गाडी काय घेऊन बसलात! मालकाला विचारून मुरमाच्या खळ्यावर लावा. वीज घरातल्या सिंगल फेजवरून घ्या, विहिरीच्या मोटारीची थ्री-फेज लाइन नको. आणि भरीत खाल्ल्याशिवाय मळा सोडू नका. हिरवी लांबडी वांगी कपाशीच्या काड्यांवर भाजलेली, सोबत कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकर. गॅसवरचं भरीत आम्ही मोजत नाही.

सातपुडा_फिरस्ता : तोरणमाळचा घाट एवढ्या गाडीला नको, पायथ्यापासून जीप करा. मुक्ताईनगरजवळ तापी-पूर्णा संगमावरचं चांगदेव मंदिर मात्र आईंना दाखवाच. दत्तजयंतीला सारंगखेड्याचा घोडेबाजार भरतो. पोरं खूश होतील, पण गर्दीत गाडी नेऊ नका.

पुणेकर_भाचा : आईला वाचून दाखवलं. ती म्हणते, काड्या तीच पेटवणार. मामांच्या खळ्यावर मुरूम आहे का, तेवढं विचारतो.