सायकलवर अंगभर कपडे: आत पॅड, वर सैल. चालेल की नाही?

सुईदोरा

सायकलिंग सुरू करणाऱ्या बाईला पहिला सल्ला मिळतो तो ठरलेला: "पॅडेड शॉर्ट्स घ्या, जर्सी घ्या." ती काळी चिकट शॉर्ट्स डोळ्यांसमोर आली की चाळिशीपुढच्या बऱ्याच जणी "आपल्याला नाही बाई जमायचं" म्हणतात आणि नवी मुंबईच्या पाम बीच रस्त्याऐवजी सोसायटीच्या गेटशीच थांबतात. दोष त्यांच्या संकोचाचा नाही. पॅड घालायचं म्हणजे ते दाखवायचंच, असं आपण उगाच धरून चाललोय.

माझा पर्याय असा. आत पॅडवाला लायनर, म्हणजे जाळीदार पातळ कापडाची, वरून दुसरं काही घालायचंय हे धरूनच केलेली आतली शॉर्ट्स. वर शिवून घेतलेली सरळ पँट. नेहमीची सलवार नको, तिचं आसन (दोन पाय जोडले जातात तो भाग) खोल आणि घेर जास्त. मोहरी, म्हणजे पायाचं खालचं तोंड, १० ते ११ इंच, पाऊल जेमतेम जाईल इतकीच. आसनात टेलरला शंकरपाळ्याच्या आकाराचा एक तुकडा घालायला सांगा. नाहीतर चारही शिवणी बरोबर बसायच्या जागी एकमेकींवर येतात आणि त्या गाठीवर तासभर बसावं लागतं. कापड ताणलं जाणारं नायलॉन किंवा पॉलिस्टर. कॉटन घाम पितं आणि सोडत नाही.

कुर्ती मांडीच्या मध्यापर्यंत, साइड कट कमरेपर्यंत, मागची बाजू पुढच्यापेक्षा दोन इंच लांब. आरशासमोर ताठ उभं राहून ती पसंत करू नका. टेबलाच्या कडेवर हात टेकून हँडल धरल्यासारखं वाका आणि मग बघा. गळा सुटून पुढे लोंबतो का, कंबर उघडी पडते का, हे तेव्हाच कळतं. सैल कपड्यांत अंग झाकलं जातं हा समज इथे निम्म्या वेळा खोटा ठरतो. खोल गळ्याच्या सैल कुर्तीपेक्षा बंद गळ्याची घट्ट जर्सी जास्त झाकते.

येऊरचा_चढ

शेवटचं वाक्य सोडून बाकी सगळ्याला असहमत.

सैल आसनाचा खरा त्रास सपाटीवर कळत नाही. ठाण्यातल्या येऊरच्या चढावर पेडलवर उभं राहा आणि परत खाली बसा. आसनाचं लोंबणारं कापड सीटच्या नाकात, म्हणजे पुढच्या निमुळत्या टोकाला, अडकतं. चढावर वेग ताशी सहा-सात किलोमीटर, तोल मुळात नाजूक, त्यात कंबर पुढे न्यायला गेलं की कापड मागे ओढतं. सिग्नलला हेच उलट होतं: पाय टेकायला सीटवरून पुढे उतरायचं आणि पँट मागेच राहते. बाई उभ्या जागी आडवी पडते. मागून बस येत असेल तर पुढचं सांगायला नको.

दुसरं, हवा. मार्चपासून ऑक्टोबरपर्यंत ठाण्यात पहाटे पाचलासुद्धा हवा दमट असते. घाम उडून गेला तर अंग थंड होणार. दोन थर घातले की आतल्या थराचा घाम तिथेच मुरतो आणि ओल्या कापडाची घासण कोरड्यापेक्षा वाईट. जांघ सोलटते ती बहुतेक याच कारणाने. पावसाळ्यात वरची पँट पाणी पिऊन जड होते आणि गुडघ्याला चिकटून प्रत्येक पेडलला ओढते.

लायक्रा, म्हणजे त्या घट्ट शॉर्ट्सचं ताणलं जाणारं कापड, चिकट असतो तो दिसण्यासाठी नाही. कातडी आणि कापड एकत्र हलावं, दोघांत घासण होऊ नये, एवढ्यासाठी तो तसा असतो.

सुईदोरा

सीटच्या नाकाचा मुद्दा मान्य, म्हणूनच "नेहमीची सलवार नको" असं लिहिलं. आसन अंगालगत ठेवलं आणि ढिलाई मांडी-पोटरीत दिली तर अडकायला कापडच उरत नाही. डोंगरी सायकलिंगच्या सैल शॉर्ट्स अशाच बेतलेल्या असतात आणि त्या घालून लोक याहून कितीतरी अवघड चढ चढतात. पावसाळ्याचं पटलं. जून ते सप्टेंबर वरचा थर गुडघ्यापर्यंतच ठेवावा, खाली टाइट्स.

आधी_सीट_बघा

दोघी पॅडवर इतक्या भांडताय, पण रोजच्या आठ-दहा किलोमीटरला पॅड लागतच नाही. नेरूळ-सीवूड्स फेऱ्या किंवा ठाण्यात तलावपाळीला चकरा, यासाठी दुखत असेल तर सीट चुकीची आहे.

कोरुगेटेड पुठ्ठा घ्या, खोक्याचा चालेल. कडक स्टुलावर ठेवा, त्यावर बसा, सायकलवर वाकता तेवढं वाका, अर्धा मिनिट थांबा. पुठ्ठ्यावर बसायच्या दोन हाडांचे खळगे उमटतात. एका खळग्याच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत मोजा आणि त्यात साधारण २० ते २५ मिलिमीटर मिळवा. ताठ बसायच्या सायकलला आणखी थोडं. ही सीटची रुंदी. बायकांच्या हाडांमधलं अंतर सहसा पुरुषांपेक्षा जास्त असतं आणि सायकलसोबत येणारी अरुंद सीट हाडांना आधार न देता मधल्या नाजूक भागावर दाब देते. त्यावर जेलचं जाड कव्हर चढवणं म्हणजे दुखण्यावर गादी: हाडं जेलमध्ये रुततात आणि जेल मधोमध वर येतं. कव्हर सरकतं ते वेगळंच.

उंचीही तपासा. पेडल सगळ्यात खाली असताना टाच त्यावर ठेवली की पाय सरळ व्हावा. सीट जास्त उंच असेल तर कंबर डावी-उजवी झोलते आणि मग कुठलाही कपडा घासणारच. हे झालं की छोट्या फेरीला साधी लेगिंग आणि कुर्ती पुरते. तासाभराच्या वर जाणाऱ्यांनी पॅडचा विचार करावा.

कोरडं_ठणठणीत

पॅडबद्दल एक गोष्ट दुकानात कुणी स्पष्ट सांगत नाही: त्याच्या आत चड्डी घालायची नसते. संकोच खरा इथे आडवा येतो, लायक्रा दिसण्यात नाही. "वरून घट्ट, आत काही नाही" ही कल्पनाच नको वाटते म्हणून आत कॉटनची चड्डी घातली जाते. मग चड्डीची शिवण आणि इलॅस्टिक पॅड आणि कातडीच्या मध्ये येतं, कॉटन भिजतं, आणि दीड तासाने जांघेत लाल रेघ उमटते. दोष मात्र पॅडला. सुईदोराचा वरचा थर मला पटतो तो यासाठी. वर काहीतरी आहे म्हटलं की आतली चड्डी सोडायचा धीर येतो.

बायकांसाठीचं पॅड मागे रुंद, पुढे आखूड आणि मधोमध शिवण नसलेलं असतं. पुरुषांची शॉर्ट्स स्वस्तात मिळाली म्हणून घेतली तर पुढची जाडी नको तिथे गोळा होते.

राइड संपल्यावर त्याच शॉर्ट्समध्ये चहा-पोहे करत बसायचं नाही. अर्ध्या तासात बदला. ओलं पॅड, बंद हवा आणि अंगाची ऊब, गजकर्णाला आणि यीस्टच्या खाजेला आणखी काय हवं? त्याच दिवशी धुवा: उलटी करून, साध्या पाण्यात, सौम्य साबणाने. फॅब्रिक कंडिशनर नको, तो तंतूंवर थर धरतो आणि घाम शोषणं बंद होतं. पिळू नका, फोम तुटतो. टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा आणि पॅडची बाजू बाहेर ठेवून पंख्याखाली वाळवा. जुलैत दोन दिवस लागतात, म्हणून दोन जोड हवेत.

पाळीच्या दिवसांत सॅनिटरी पॅडचे पंख सायकलच्या पॅडवर नीट चिकटत नाहीत, सरकतात आणि त्यांची कड कापते. कप वापरणाऱ्यांना अडचण येत नाही. बाकीच्यांनी त्या दिवसांत सायकलचं पॅड बाजूला ठेवून बिनपंखी पातळ पॅड, बिनशिवणीची चड्डी आणि गडद टाइट्स वापरावी, अंतर कमी ठेवावं.

खाडीवारा

तपशील सगळे बरोबर असतील, पण मूळ प्रश्न कुणी विचारत नाहीये. वरचा थर नक्की कुणासाठी? बघणारा कुर्तीकडेही बघतो. पाम बीचवर गाडीची काच खाली करणाऱ्याला बाईने काय घातलंय याच्याशी देणंघेणं नसतं, बाई सायकलवर आहे एवढंच पुरतं. आपण एक थर चढवला की तो दुसरा मागतो. आज पँट, उद्या जॅकेट, परवा "एवढ्या पहाटे कशाला जाता?"

पुरुष त्याच शॉर्ट्समध्ये टपरीवर उभे राहून कटिंग पितात, त्यांना कुणी आसनाचा तुकडा शिवायला सांगत नाही.

सुईदोरा

तत्त्व म्हणून मान्य. पण जिला स्वतःलाच अवघडल्यासारखं होतं, तिचं काय? संकोच दर वेळी बाहेरून लादलेला नसतो. ज्या बाईचं निम्मं लक्ष कुर्ती खाली ओढण्यात आहे, तिचं ब्रेककडे लक्ष नसतं. तिला आधी निर्धास्त करा, तत्त्व तिचं ती ठरवेल.

नऊवार

काष्ट्याचं नाव कुणी काढलं नाही, आश्चर्य आहे. इंग्लंडात १८८१ साली बायकांच्या सुटसुटीत कपड्यांसाठी रॅशनल ड्रेस सोसायटी काढावी लागली आणि पुढच्या दशकात बायका सायकलवर आल्या तेव्हा घोळदार स्कर्टचं करायचं काय यावर रणं माजली. आपल्याकडे दोन पायांना वेगळं करणारं, शिवण नसलेलं वस्त्र घरात होतंच.

मात्र पाडव्याच्या शोभायात्रेत नऊवारीत सायकल चालवणं निराळं आणि रोज चालवणं निराळं. नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटर कापड. त्याचा काष्टा पायांमधून मागे जाताना गुंडाळून दोरासारखा होतो आणि तो दोर बरोबर सीटच्या मधोमध येतो. वर मागे खोचलेल्या निऱ्यांचा गठ्ठा. घोड्याच्या रुंद खोगिरावर चालून जातं, सहा इंचाच्या सीटवर नाही. शिवलेल्या नऊवारीत तर त्या दोराच्या जागी शिवण असते.

गिअर_तिसरा

एक पुरुष म्हणून बोलतो, रागावू नका. आपल्या सायकल ग्रुपने नियमच करावा: रविवारच्या राइडला जर्सी आणि शॉर्ट्स सगळ्यांना सक्तीची. ग्रुप एकसारखा दिसतो, गाडीवाले जागा देतात आणि कुणाचं काही अडकायचा प्रश्न येत नाही.

येऊरचा_चढ

मी लायक्राच्या बाजूची, तरी याला विरोध. २०० किलोमीटरची ब्रेव्हे (ठरल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची राइड) साडेतेरा तासांत पुरी करायची असते, तिथेही लायक्राची अट नाही. रात्री रिफ्लेक्टिव्ह जॅकेट मात्र लागतंच. वाशी ते बेलापूर जाऊन यायला त्याहून कडक नियम कशाला?

गाडीवाले जागा देतात ते दिसल्यावर. काळ्या शॉर्ट्स आणि गडद जर्सीचा ग्रुप पहाटे पाचला दिसतच नाही. घोट्यावरची चमकणारी पट्टी सगळ्यात आधी नजरेत भरते, कारण ती पेडलबरोबर वरखाली होते.

नियम करायचाच तर ओढणीचा करा. ७००सी मापाचं, म्हणजे रोड सायकलचं नेहमीचं मोठं चाक ताशी १५ किलोमीटरच्या वेगाला सेकंदाला जवळजवळ दोन फेरे घेतं, एका फेऱ्यात दोन मीटरच्या वर. सव्वादोन मीटरची ओढणी आऱ्यांत गेली की ती गळ्यापर्यंत यायला एक-दीड सेकंद पुरतो, ब्रेक दाबेपर्यंत खेळ संपलेला असतो. मोटारसायकलला मागच्या चाकाचा निदान निम्मा भाग झाकणारं संरक्षण केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ च्या १२३व्या नियमाने लागतं. सायकलला तसं बंधन नाही. गिअरच्या सायकलींना तर साधं चेनकव्हरही नसतं.

खाडीवारा

ओढणीला +१. हिजाब असेल तर टोकं आत खोचून पातळ एकपदरी टोपीसारखा बांधावा. हेल्मेटखाली गाठ किंवा पिन आली की तिथे दाब येतो आणि हेल्मेट वर उचललं जातं. अंबाड्याचंही तेच. सैल वेणी मानेशी, हेल्मेटच्या मागच्या चकतीखालून काढावी. (गजरा मात्र पाडव्यापुरता माफ.)

कोरडं_ठणठणीत

खाडीवारा, सैल कुर्तीच्या बाजूने एक मुद्दा राहिला. खांद्यावरून पट्टे येणारी बिब शॉर्ट्स लांबच्या राइडला उत्तम म्हणतात, कमरेला इलॅस्टिक काचत नाही म्हणून. पण लघवीला बसायचं तर बऱ्याच बिबना आधी जर्सी काढावी लागते. उरणच्या बाजूला उघड्या रस्त्याकडेला ते कसं करणार? तिथे मांडीपर्यंतची कुर्ती हाच आडोसा. म्हणून पाणी न पिता निघणाऱ्या बायका बघितल्या की कपड्यांचा हा वाद अचानक फार गंभीर वाटायला लागतो. कमरेची शॉर्ट्स घ्या, इलॅस्टिक रुंद आणि नाडीविना घ्या, आणि पाणी प्या.

खाडीवारा

हा मुद्दा बिनतोड. कुर्तीला तेवढ्यापुरती माफी. "कुणासाठी" हा प्रश्न मात्र मागे घेत नाही.

येऊरचा_चढ

घट्ट घालणाऱ्यांसाठीही एक, कारण लाज तिथेही जाते. लायक्रा उभं असताना दाट दिसतो, वाकल्यावर बसायच्या जागी ताणून विरळ होतो. विकत घेताना आत मोबाइलचा टॉर्च धरा, कापड दोन्ही हातांनी ताणा. बोटांचा आकार स्पष्ट दिसला तर नको. वापरातल्या शॉर्ट्सची हीच तपासणी दर दोन-तीन महिन्यांनी. सीटवर घासून आणि गरम पाण्यात धुऊन इलॅस्टिकचे धागे तुटतात, आणि नेमका मागचा भाग आपल्याला स्वतःला दिसत नाही. मागे सायकल चालवणाऱ्या मैत्रिणीला सांगून ठेवा.

सुईदोरा

आणि सैल घालणाऱ्यांनी निघायच्या आधी उजवा पाय बघायचा. चेन त्या बाजूला. मोहरी घोट्याभोवती बाहेरच्या अंगाला दुमडायची, आतल्या अंगाला दुमडली तर घडीच चेनरिंगकडे (पेडलजवळच्या दातेरी चकतीकडे) तोंड करून बसते, आणि वरून वेलक्रोची पट्टी. मग सायकल उभी धरून पेडल हाताने उलटं एक पूर्ण फेरा फिरवा. कुर्तीचं मागचं टोक सीटखाली बसलंय की टायरवर लोंबतंय, ते मात्र सीटवर बसल्यावर दुसऱ्या कुणीतरी बघायचं.