नवा सेल घालूनही किल्लीचा रिमोट तीन आठवड्यांत मंदावतो

प्रश्न : चिपळूणकर७

आमच्या पाच वर्षे जुन्या गाडीची किल्ली नुसती खिशात असली तरी दार उघडते आणि बटण दाबले की इंजिन सुरू होते. गेल्या महिन्यात आम्ही वेळणेश्वरला गेलो असताना देवळातून परत आलो, तर दार उघडेना. किल्लीच्या पोटात एक साधी लोखंडी किल्ली असते एवढे ठाऊक होते, म्हणून ती काढून दार उघडले. पण त्याबरोबर भोंगा असा काही केकाटू लागला की आजूबाजूचे लोक आमच्याकडे संशयाने पाहू लागले. घाबरून पुन्हा कुलूप लावले आणि शृंगारतळीहून ओळखीचा मेकॅनिक येईपर्यंत अडीच तास बाहेर बसून राहिलो. त्याने नवा सेल घातला आणि सर्व सुरळीत झाले.

आता तीनच आठवड्यांत डॅशबोर्डवर किल्लीचा सेल कमी असल्याची सूचना पुन्हा येऊ लागली आहे. सर्व्हिस सेंटरमध्ये संपूर्ण किल्लीच बदलावी लागेल असे सांगितले असून तिची किंमत ऐकून मी विचारात पडलो आहे. किल्ली खरोखरच बिघडली असेल का? सेल बदलल्यावर ती गाडीशी नव्याने जोडून घ्यावी लागते का? आणि त्या दिवशी मेकॅनिकची वाट न पाहता गाडी सुरू करण्याचा काही मार्ग होता का?

उत्तर : तांब्याची तार

तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण त्याचे उत्तर कळले असते तर तुमचे अडीच तास वाचले असते. मार्ग होता, आणि तो तुमच्या हातातच होता. अशा किल्लीत दोन निरनिराळ्या व्यवस्था असतात. पहिली रेडिओची : दाराच्या मुठीला हात लागताच गाडी सुमारे १२५ किलोहर्ट्झचा क्षीण संदेश सोडते, तो ऐकून किल्ली जागी होते आणि साधारण ४३३ मेगाहर्ट्झवर उत्तर पाठवते. हे उत्तर पाठवण्यासाठी सेल लागतो. दुसरी व्यवस्था चोरीपासून संरक्षणाची आहे. तिच्यातील चिपला सेलची गरजच नसते; गाडीतील तारेच्या वेटोळ्यातून निर्माण होणाऱ्या चुंबकीय क्षेत्रावरच ती चालते आणि आपली ओळख पटवते. मात्र त्यासाठी किल्ली त्या वेटोळ्याच्या अगदी जवळ, दोन-चार सेंटिमीटरवर असावी लागते.

म्हणून दार लोखंडी किल्लीने उघडावे, भोंगा वाजला तर वाजू द्यावा, आत बसून ब्रेक (गिअरची गाडी असल्यास क्लच) दाबावा आणि किल्लीचीच कड स्टार्टच्या बटणाला टेकवून ते दाबावे. बहुतेक गाड्या अशा सुरू होतात, आणि किल्लीची ओळख पटली की भोंगाही थांबतो. काही गाड्यांत हे वेटोळे बटणामागे नसून पेला ठेवायच्या खळग्यात किंवा मधल्या कप्प्यात असते. नेमकी जागा गाडीसोबत मिळालेल्या पुस्तिकेत चित्रासह दिलेली असते. ती पुस्तिका प्लास्टिकच्या वेष्टनातून बाहेर काढण्याचा मुहूर्त आपल्याकडे फारसा कुणाला सापडत नाही, हा भाग वेगळा.

नव्याने जोडणी करण्याबाबत म्हणाल, तर सामान्यतः तिची गरज पडत नाही. किल्लीची ओळख कायमच्या स्मृतीत साठवलेली असते आणि सेल काढल्याने ती पुसली जात नाही. केवळ सेल बदलण्यासाठी कुणी जोडणीचे पैसे मागत असेल, तर कारण अवश्य विचारावे.

उत्तर : घड्याळदुरुस्ती

माझा व्यवसाय घड्याळांचा आहे आणि दर आठवड्याला दोन-तीन किल्ल्या माझ्या टेबलावर येतात. नवी किल्ली घेण्यापूर्वी ही किल्ली उघडून सेलवरचा आकडा वाचा. या आकड्यातच मापे असतात : २०३२ म्हणजे व्यास २० मिलिमीटर आणि जाडी ३.२ मिलिमीटर, २०२५ चा व्यास तोच, पण जाडी २.५. दोन्ही ३ व्होल्टचेच असल्यामुळे गावाकडच्या दुकानात जो मिळेल तो बसवला जातो आणि किल्ली त्या वेळी चालतेही. परंतु ०.७ मिलिमीटरच्या फरकामुळे पत्र्याची पकड सैल राहते, किल्ली खिशात हलली की संपर्क तुटतो-जुळतो, आणि पातळ सेलची क्षमताही कमी असते. कोणता सेल हवा ते बहुधा किल्लीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला कोरलेले असते.

मीटर लावून ३ व्होल्ट दिसले म्हणजे सेल चांगला, असे समजू नका. लिथियमचा सेल अखेरपर्यंत जवळजवळ तेवढाच दाब दाखवतो. किल्लीचे बटण दाबून प्रत्यक्ष भार पडला की मगच त्याची दमछाक दिसते. कोकणातल्या किल्ल्यांत मला आणखी एक गोष्ट हमखास आढळते, ती म्हणजे पत्र्यावर चढलेला हिरवट थर. तो आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून, पत्रा किंचित वर उचलून बसवला की पुष्कळशा ‘बिघडलेल्या’ किल्ल्या बऱ्या होतात. सेल धातूच्या चिमट्याने धरू नका, आणि काढण्यापूर्वी अधिक चिन्हाची बाजू वर आहे की खाली ते पाहून ठेवा.

उत्तर : कोथरूडची माई

वरील दोन्ही उत्तरे योग्यच आहेत. मला फक्त विचारायचे आहे की घरी किल्ली कुठे ठेवता? आमची किल्ली दाराशेजारच्या खुंटीवर असे आणि भिंतीपलीकडेच गाडी उभी असे. आमची गाडी मालक जवळ येताच दिवे लावणारी असल्यामुळे तिचा शोधसंदेश सतत चालू राही, आणि किल्ली रात्रभर त्याला उत्तरे देत बसे. किल्ली आतल्या खोलीत ठेवू लागल्यापासून सेल दीड वर्ष टिकला आहे. टीव्ही, संगणक किंवा मोबाइलच्या चार्जरजवळही ती ठेवू नये.

घरात लहान मूल असेल तर काढलेला सेल टेबलावर क्षणभरही राहू देऊ नका. रिमोटसाठी निकामी झालेल्या सेलमध्येही इतका जोर उरतो की गिळल्यास अन्ननलिकेत अडकून दोन तासांत गंभीर जखम होऊ शकते. तशी नुसती शंका आली तरी उलटी करवण्याच्या फंदात न पडता मुलाला थेट रुग्णालयात न्यावे. जुन्या सेलच्या दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावून तो ई-कचऱ्यात द्यावा.

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद : चिपळूणकर७

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल किल्ली उघडली : झाकणावर २०३२ कोरलेले होते आणि आत २०२५ बसवलेला होता. मेकॅनिकला दोष देत नाही, त्याच्याकडे त्या वेळी तेवढाच होता. पत्रा पुसून योग्य सेल घातल्यावर गाडी पूर्वीसारखीच दुरून प्रतिसाद देऊ लागली आणि सूचनाही गेली. काढलेला सेल चिकटपट्टी लावून नातवाच्या हाती लागणार नाही अशा जागी ठेवला आहे. नंतर मुद्दाम सेल काढून किल्ली स्टार्टच्या बटणाला टेकवून पाहिली. दुसऱ्या प्रयत्नात इंजिन सुरू झाले. पहिल्या प्रयत्नात मी किल्लीची चुकीची बाजू टेकवली होती, तेव्हा ही रंगीत तालीम घराच्या अंगणातच करून घेतली हे बरे झाले. किल्लीची खुंटी मात्र आमच्याकडेही गाडीलगतच्या भिंतीवरच आहे. ती आज हलवतो.