केळी पट्ट्याची उपग्रह चित्रे क्लाउडवरून कशी घ्यावीत?

प्रश्न (यावल)

नमस्कार. मी महाविद्यालयात भूगोल शिकवतो. मे-जूनच्या वादळी वाऱ्याने यावल आणि रावेर तालुक्यांतील केळीच्या बागा आडव्या होतात. ते नुकसान उपग्रह चित्रांवरून विद्यार्थ्यांना दाखवावे, असा विचार आहे. सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहांची चित्रे विनामूल्य असतात हे ठाऊक आहे. परंतु एक पूर्ण चित्र जवळपास एक जीबीच्या घरात जाते आणि आमच्या प्रयोगशाळेतील इंटरनेट मध्येच तुटले की सगळे पहिल्यापासून करावे लागते. हीच चित्रे ॲमेझॉनच्या क्लाउडवरही ठेवलेली आहेत, असे वाचले. तेथून घेण्यासाठी खाते किंवा क्रेडिट कार्ड लागते का? २०२१ आणि २०२४ च्या जून महिन्यांची तुलना करायची आहे.

उत्तर १ (जळगाव)

सर, आपल्या कामासाठी पूर्ण चित्र उतरवून घेण्याची गरजच नाही. ॲमेझॉनवर 'सेंटिनेल-कॉग्ज' नावाचा एक खुला साठा आहे आणि त्याला खाते, कार्ड काहीही लागत नाही. त्यातील प्रत्येक बँडची (म्हणजे प्रकाशाच्या एकेका पट्ट्याची) फाइल वेगळी असते आणि ती आतून लहान लहान चौकोनांत विभागलेली असते. त्यामुळे सॉफ्टवेअर आधी फाइलचा मथळा वाचते, कोणता चौकोन कुठे आहे ते पाहते आणि केवळ आपल्या गावाभोवतीचे चौकोन मागवून घेते. क्यूजीआयएस या नकाशांच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये रास्टर लेयर (चित्राचा थर) जोडताना स्रोत म्हणून संगणकावरील फाइलऐवजी एचटीटीपीचा पर्याय निवडावा आणि फाइलचा दुवा तेथे चिकटवावा. बाकीचे ते स्वतः सांभाळते.

पत्ता शोधणेही अवघड नाही. सेंटिनेल-२ साठी पृथ्वीचे सुमारे ११० किलोमीटर बाजूच्या चौकटींत तुकडे केलेले आहेत. जळगाव, यावल, चोपडा हा भाग ४३-क्यू-ईडी या चौकटीत येतो, तर धुळे आणि नंदुरबार ही शहरे ४३-क्यू-डीडी मध्ये. रावेर शहर ईडीच्या अगदी पूर्व कडेला आहे, त्याच्या पलीकडील गावांसाठी शेजारची एफडी चौकट घ्यावी लागेल. साठ्यातील फोल्डर ४३, क्यू, ईडी, वर्ष, महिना याच क्रमाने लावलेले आहेत. जून महिना तेथे '६' असा आहे, '०६' असा नाही, आणि एवढ्याशा शून्यापायी दुवा उघडत नाही.

आपल्याला बँड ४ (लाल) आणि बँड ८ (निकट अवरक्त) पुरेत. दोन्हींचा एक पिक्सेल १० मीटर बाजूचा, म्हणजे १०० चौरस मीटरचा असतो. हे क्षेत्र जवळजवळ एक गुंठाच झाले, त्यामुळे एकरभर बाग साधारण चाळीस पिक्सेलांत दिसते. विद्यार्थी शेतकऱ्यांच्या घरचे असतील तर हा हिशेब त्यांना सांगावाच लागणार नाही.

उत्तर २ (धुळे)

वरील उत्तराला दोन गोष्टी जोडतो. ॲमेझॉनवरचे सगळेच साठे असे फुकट नाहीत. सेंटिनेल-२ चा वातावरणीय सुधारणा न केलेला (म्हणजे हवेचा परिणाम न काढलेला) मूळ साठा आणि अमेरिकी भूगर्भ सर्वेक्षणाचा लँडसॅट उपग्रहांचा साठा हे दोन्ही 'मागणाऱ्याने पैसे भरावे' या प्रकारचे आहेत. चित्राला किंमत नसली तरी डेटा बाहेर नेण्याचा खर्च आपल्या खात्यावर पडतो. लँडसॅट हवेच असेल तर त्याच सर्वेक्षणाच्या अर्थएक्सप्लोरर संकेतस्थळावर नोंदणी करून ते विनामूल्य मिळते.

दुसरी अडचण जूनची आहे. दोन उपग्रह मिळून दर पाच दिवसांनी फेरी होत असली, तरी वादळानंतर ढग हटतीलच असे नाही. प्रत्येक चित्रासोबत 'एससीएल' नावाचा वर्गीकरणाचा थर असतो, त्यात ३ म्हणजे ढगाची सावली आणि ८, ९ म्हणजे ढग. ते पिक्सेल आधी वगळावेत, नाहीतर सातपुड्याच्या पायथ्याशी पडलेली सावली पडझड म्हणून मोजली जाईल. सेंटिनेल-१ चे रडार ढगांतूनही पाहू शकते, पण ते वाचायला वेगळा सराव लागतो; पहिल्याच वर्गात ते घेऊ नये, असे माझे मत आहे.

प्रश्नकर्ता (यावल)

दोघांचेही आभार. बँड ४ चा दुवा क्यूजीआयएसमध्ये उघडला; आधी धूसर चित्र आले आणि तापीच्या काठाकडे झूम केल्यावर बागांचे बांध स्पष्ट झाले. आता दोन्ही वर्षांचा एनडीव्हीआय (बँड ८ आणि ४ च्या वजाबाकीला त्यांच्या बेरजेने भागून येणारा हिरवळीचा निर्देशांक) काढून सरळ वजाबाकी केली तर चालेल का?

उत्तर १ (जळगाव)

थांबा सर, आपल्या दोन वर्षांच्या मध्येच एक बदल झालेला आहे. २५ जानेवारी २०२२ पासून युरोपीय अवकाश संस्थेने प्रत्येक पिक्सेलच्या मूल्यात १००० मिळवून देण्यास सुरुवात केली. एनडीव्हीआयच्या अंशात दोन बँडची वजाबाकी असल्याने तेथे हे हजार कटतात, मात्र छेदात दोन हजार वाढतात. परिणामी २०२४ च्या धडधाकट बागेचाही आकडा खाली येतो आणि नसलेले नुकसान नकाशावर दिसू लागते. सेंटिनेल-कॉग्जमध्ये प्रत्येक चित्राच्या माहितीफाइलीत ही वाढ आधीच काढून टाकली आहे की नाही याची नोंद असते. ती पाहूनच ठरवावे. काढलेली असेल तर पुन्हा हजार वजा करू नयेत.

आणि दोन्ही वर्षांच्या तारखा शक्य तितक्या जवळच्या घ्याव्यात, कारण याच दिवसांत जुनी बाग कापून रान मोकळे केलेले असते, आणि कापणी व पडझड या दोन्हींत एनडीव्हीआय सारखाच घसरतो. त्यासाठी काही शेते विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष बांधावर जाऊन पाहायला सांगावीत.